कप्तानाची टाच

मला माणसं पायांवरून लक्षात राहतात. चेहरा विसरते, नाव तर हमखास विसरते, पण एकदा घोटा हातात घेतला की तो विसरत नाही. मी फिजिओ आहे. साडेसहा फुटी बाप्ये माझ्यापुढे टेबलावर बसतात, पाय पुढे करतात आणि मी त्यांच्या घोट्यांना पट्ट्या गुंडाळते. आईला फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढं शिकून परक्या पुरुषांचे पाय धरतेस होय. मी म्हटलं, हो, आणि त्याचा पगार घेते.

टीम कुठली आणि गाव कुठलं, ते सांगणार नाही. त्या लोकांचा यात काही दोष नाही, दोष माझा आहे, मग त्यांना कशाला ओढायचं. मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला राहते. दिवसभर एका क्लिनिकात काम करते आणि चार सीझन एका प्रोफेशनल बास्केटबॉल टीमची फिजिओ होते. प्रोफेशनल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. तसलं काही नव्हतं हो. दोन अमेरिकन खेळाडू सोडले तर बाकी सगळे दिवसा नोकऱ्या करायचे. सीझन ऐन थंडीतला. हॉलमध्ये इतकं गार असायचं की मसाजचं तेल आधी गरम पाण्यात धरून ठेवावं लागे.

आमचा कप्तान बिल्डर होता. स्वतःची व्हॅन, स्वतःची अवजारं, हाताखाली कुणी नाही. लोकांची छपरं बदलायचा, घरामागचे लाकडी डेक बांधून द्यायचा. वय पस्तीस. बायको शाळेत शिकवायची आणि दोन लहान मुली होत्या. त्याचा पाय म्हणजे नुसता खेळाडूचा पाय नव्हता. त्या पायानं तो शिडी चढायचा आणि त्यावर घर चालायचं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की हिला कल्पना नव्हती.

मी टीमकडे आले तेव्हा पहिल्या संध्याकाळी माझ्या टेबलावर कुणी येईना. जुना फिजिओ त्यांच्यातलाच होता, रग्बी खेळलेला, दांडगा. आणि ही कोण पाच फुटी बाई, हॅमिल्टनहून स्टीलचा डबा घेऊन आलेली. पोरं बूट घालत होती, सोडत होती, फोन बघत होती, पण टेबलाकडे फिरकत नव्हती. मी कात्री आणि टेपचे रोल उगाच इकडचे तिकडे करत उभी. मग कप्तान आला, टेबलावर चढून बसला, पाय पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, इथून पुढे माझे घोटे हीच बांधणार. झालं. पाच मिनिटांत रांग लागली. असली गोष्ट आपल्याकडची माणसं विसरत नाहीत. कुणी पाण्याचा पेला दिला तरी आपण जन्मभर ते मनात ठेवतो. मी तर परदेशात एकटी उभी होते.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं. आमच्या सांगलीच्या घरात ही गोष्ट दर गौरींना सांगितली जायची. एका वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. मनगटावर फडकं घट्ट बांधलं, पदर खोचला आणि पंचवीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या. पंगत उठली, भांडी झाली, मग संध्याकाळी म्हणाली, जरा हाताकडे बघा हो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ते मनगट अजून वाकडं आहे. पण आमच्या घरात त्या वाकड्या मनगटाचं कोण कौतुक. आत्या सांगायच्या, काका सांगायचे. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंनाही सांगून झालं. दुखणं अंगावर काढणारी बाई म्हणजे खरी बाई, हे मी भाताबरोबर खाल्लेलं आहे. फिजिओची डिग्री घेतली, इथे येऊन पुढचं शिक्षण केलं, तरी ते काही पोटातून गेलं नाही.

त्या सीझनच्या सुरुवातीला आम्ही टौरंगाला सरावाच्या सामन्याला चाललो होतो. व्हॅनमध्ये एक अमेरिकन पोरगा बोट मुरगळलं म्हणून सारखा कुरकुरत होता. मला राग आला. मी त्याला आईची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. सगळी व्हॅन हसली, टाळ्या वाजल्या. कप्तान पुढच्या सीटवर होता. तो मागे वळून म्हणाला, कुठला हात? मी म्हणाले, उजवा. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला. मला त्या क्षणी आईचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू.

सीझन रडतखडत सुरू झाला. पहिले चार सामने हरलो. घरच्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या, समोरच्या टीमचे लोक आमच्यापेक्षा जास्त. मग थोडे जिंकलो, थोडे हरलो. आमच्या लीगमध्ये वरच्या सहा टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात आणि आम्ही सातव्या-आठव्या नंबरावर घुटमळत होतो. कितीतरी वर्षांत ही टीम प्लेऑफला पोचली नव्हती. कप्तान तर प्लेऑफ एकदाही खेळला नव्हता. हा त्याचा शेवटचा सीझन, हे त्यानं बायकोला कबूल केलं होतं.

जूनमधल्या एका संध्याकाळी मी त्याचा डावा पाय बांधायला घेतला आणि माझा अंगठा टाचेच्या वर थांबला. तिथे मागच्या बाजूला एक जाड शीर असते, पोटरी आणि टाच जोडणारी. अकिलीस म्हणतात तिला. ती फुगली होती. मी नुसता दाब दिला तर त्याच्या मांडीपर्यंत कळ गेली असणार, कारण त्यानं टेबलाची कड धरली. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, थोडे दिवस झाले. सकाळी उठल्यावर पहिली पाच मिनिटं टाच टेकवत नाही, मग मोकळी होते.

आता माझ्या कामाची रीत सांगते. दर सोमवारी मी कोचला एक तक्ता पाठवायची. प्रत्येक खेळाडूपुढे एक रंग. हिरवा म्हणजे बिनधास्त खेळव. पिवळा म्हणजे आधी डॉक्टर, आधी स्कॅन. लाल म्हणजे घरी बसव. तक्ता भरणारी मी एकटी, आणि कोच त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. कप्तानापुढे पिवळा लावायला हवा होता. फिजिओच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या पोरीलाही ते कळलं असतं. पिवळा लागला असता तर स्कॅन झालं असतं, आणि स्कॅनमध्ये ती शीर बघून डॉक्टरांनी त्याचा सीझन तिथेच संपवला असता.

मी त्याला तसं सांगितलं. तो आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईनं पोळ्या लाटल्याच ना?"

मी काय बोलायला हवं होतं, ते आता मला झोपेतही सांगता येईल. तेव्हा मी हसले. खरंच हसले, कुणी पाठ थोपटावी तशी. म्हटलं, बघू. आणि सोमवारी त्याच्यापुढे हिरवा भरला. मनात म्हणाले, एकच आठवडा. या माणसानं माझ्यासाठी पाय पुढे केला होता, मी त्याच्यासाठी एवढं करू नको?

एक आठवड्याचे सात झाले. मी त्याच्या बुटात टाचेखाली घालायला छोट्या गाद्या कापल्या, कोणाला दिसणार नाहीत अशा. सरावाच्या आधी अर्धा तास तो हॉलमागच्या सामानाच्या खोलीत यायचा, तिथे मी त्याची पोटरी मोकळी करून द्यायची. बाहेर पडताना तो आधी जायचा आणि मी नंतर. एखादं लफडं असल्यासारखं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आणि खरं सांगू का, मला ते आवडत होतं. टीम जिंकायला लागली होती ना. कप्तान बुटक्या-बुटक्या उड्या मारायचा, पण कुठे उभं राहायचं ते त्याला बरोबर कळायचं, आणि पोरं त्याच्या जिवावर खेळायची. हॉल भरायला लागला. क्लिनिकमधले पेशंट मला स्कोअर विचारायला लागले. इथली माझी मराठी मंडळी, ज्यांना क्रिकेटशिवाय कशाचं सोयरसुतक नाही, तीसुद्धा दोन गाड्या करून सामना बघायला आली. सामना जिंकला की मला वाटायचं, हा माझ्या हाताचा गुण. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

शेवटच्या घरच्या सामन्यात आमचा सहावा नंबर पक्का झाला. हॉलमध्ये नुसता कल्ला. मी आत बर्फ आणायला चालले होते, तेवढ्यात कप्तानाच्या बायकोनं मला दारात गाठलं. तिच्या कडेवर धाकटी होती, तिच्या गालांवर टीमचे रंग फासलेले. तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली की तो सकाळी जिना आडवा उतरतो, कठड्याला धरून. विचारलं की म्हणतो, वय झालं. मग म्हणाली, "तो माझं ऐकत नाही, पण तू सांगितलंस तर थांबेल. खरं सांग, पाय ठीक आहे ना?"

ती मला टीमची फिजिओ म्हणून विचारत नव्हती. तिच्या ओळखीत या विषयातलं कळणारी मी एकटीच होते.  मागे पोरं गाणी म्हणत होती, कप्तान मोठीला खांद्यावर घेऊन नाचत होता, आणि मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, ठीक आहे, वयाची दुखणी आहेत, मी आहे ना. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. तिनं माझा हात दाबला आणि गेली.

प्लेऑफचा पहिला सामना परगावी होता. हरलो की घरी, असा. बसमध्ये कप्तान खिडकीशी बसला होता आणि त्याचा पाय मी माझ्या बॅगेवर ठेवायला लावला होता.  कुठल्याशा गावात बस थांबली तेव्हा तो उतरला नाही, म्हणाला, उगाच पावलं कशाला खर्च करू. मी त्याला डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, एक पाय आणून दिला, खायचा पाय, मैद्याच्या पारीत खिमा भरलेला. त्यानं तो अर्धाच खाल्ला.

दुसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. मग आमच्या बास्केटखाली बॉल सुटला आणि तो घ्यायला कप्तान डाव्या पायावर निघाला. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. तो दोन पावलं गेला, थांबला आणि मागे वळून पाहिलं, कुणी लाथ मारली ते बघायला. मागे कुणी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो खाली बसला.

मी धावत गेले. त्याला पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. शीर शाबूत असली तर पोटरी दाबल्यावर पाऊल हलतं. मी दाबली. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली.  त्यानं तोंड जमिनीला लावलं होतं आणि तो म्हणत होता, सांगू नकोस, मला सांगू नकोस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी हात आपलं काम करत राहिले. पाय बांधला, स्ट्रेचर आलं, त्याला बाहेर नेलं.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पोरांचे साधे पास चुकायला लागले. अमेरिकन पोरगा रडत खेळला. आम्ही असे हरलो की शेवटची पाच मिनिटं कोच खुर्चीवरून उठलाच नाही. चार महिने जे जमवलं ते एका संध्याकाळी संपलं. परतीच्या बसमध्ये त्याची खिडकीशेजारची सीट रिकामी होती.

त्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी क्लबनं सीझनची मीटिंग ठेवली. कप्तान कुबड्या घेऊन आला. कोच चांगला माणूस आहे, त्यानं मलाच आधी विचारलं की आधी काही लक्षण होतं का, आपण काही चुकलो का. मी तोंड उघडायच्या आत कप्तान म्हणाला, काही नव्हतं, एकदम तुटलं. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. कोचनं माझे सात आठवड्यांचे हिरवे चौकोन पुढे सरकवले आणि म्हणाला, हो, इथेही सगळं बरोबर दिसतंय. मी मूग गिळून बसले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझीच मला शिसारी येते, पण वाटलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आयटीतला, शांत माणूस. म्हणाला, त्यानंच मागितलं होतं, तू काय जबरदस्ती केलीस? आता तो स्वतः झाकतोय तर तू कशाला उघडं करतेस, लायसन्स जाईल. मी त्याच्यावर इतकी ओरडले की लेक खोलीतून बाहेर आली आणि तिनं इंग्रजीत विचारलं की काय झालं. मी म्हणाले, काही नाही, अभ्यास कर. तो चुकीचं बोलला म्हणून मी ओरडले नव्हते. मीही मनातल्या मनात हेच घोकत होते, म्हणून.

सहाव्या आठवड्यात कप्तानाच्या बायकोचा फोन आला. ऑपरेशननंतर पायात घातलेला प्लास्टरसारखा बूट काढायला परवानगी मिळाली होती, व्यायाम सुरू करायचे होते, आणि त्याला तूच हवीस म्हणाली. मी गेले. घराबाहेर त्याची व्हॅन उभी होती, काचेवर शेवाळ धरलेलं. आत तो सोफ्यावर. डावी पोटरी उजवीच्या निम्मी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की छपरावरचं काम आता विसर. एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर जागा होती, ती बघतोय म्हणाला. हे सांगताना तो हसत होता, आणि ते मला पाहवेना.

निघताना ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चहा टाकला. मग तिनं सांगितलं की तिला रात्रंदिवस एकच छळतंय. तिला दिसत होतं, तिनं हट्ट धरायला हवा होता. तू ठीक आहे म्हणालीस म्हणून मी गप्प बसले, पण तुझा काय दोष, तुला तरी कुठे माहीत होतं, असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

ती स्वतःला दोष देत होती आणि मला बिस्किटं देत होती. तिथे मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "मला माहीत होतं. जूनपासून."

तिनं कप खाली ठेवला. किती आठवडे, विचारलं. सात, म्हणाले. मी तुला हॉलच्या दारात विचारलं तेव्हा? तेव्हाही. सोफ्यावरून कप्तान म्हणाला की हिला मीच लपवायला लावलं होतं, हिला दोष देऊ नको. ती त्याच्याकडे वळली नाही. खिडकीबाहेर कपडे वाळत होते, तिकडे बघत उभी राहिली. माफी मागायला मी तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. म्हणाली, माफीबिफी नको. हा पाय तू बिघडवलास, आता तूच तो उभा करून दे, आणि त्यानंतर माझ्या घरी येऊ नकोस.

त्या आठवड्यात मी कोचला पत्र लिहून सगळं कळवलं, आणि फिजिओंची नोंदणी करणाऱ्या बोर्डालाही. चौकशी झाली. क्लिनिकात आजही मी दुसऱ्या फिजिओच्या नजरेखाली काम करते. टीमकडे वेगळा माणूस आला. ठीकच आहे.

पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिच्या घरी जात राहिले. ती शाळेतून लवकर यायची आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसायची. एकदाही आम्हाला दोघांना एकटं सोडलं नाही. मी त्याचं पाऊल तळहातावर घेऊन वर ढकलायची, थोडं, आणखी थोडं. त्याच्या कपाळावर घाम यायचा. ती विचारायची, दुखतंय का? तो म्हणायचा, नाही. सवयच ती. मग ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघायची आणि उत्तराची वाट बघत बसायची.

"दुखतंय," मी म्हणायची. "खूप दुखतंय त्याला."